हात पुसायचा नाही

माझ्या डोक्यावरचे केस गेले त्याचं मला काही वाटत नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो आहे. प्रमिलाबाईंपुढे मात्र ही थाप कधी चालली नाही. नंदुरबारला कॉलेजात मराठी शिकवायला लागलो, तेव्हा त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या. त्या केस, नखं आणि कातडीच्या डॉक्टर. त्यांच्याच माथ्यावर राहायचं आणि आपल्या माथ्याबद्दल विचारायचं नाही, हे काही जमण्यासारखं नव्हतं. एका रविवारी विचारलंच.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, भिंगातून टाळू पाहिली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहावं तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "सर, वडिलांचा फोटो आहे?"

फोनवर होता, तो दाखवला.

"झालं तर. हा रोग नाही, वारसा आहे. थोपवायचं औषध देते, पण गेलेले केस परत येतील म्हणून आरशासमोर उभे राहाल तर माझ्याकडे येऊ नका. आणि ते कांद्याचं तेल बंद करा. वर तुम्ही लावता आणि खाली माझे पेशंट विचारतात, आज भजी आहेत का."

बाई उंच होत्या, अंगाने सडसडीत. गडद रंगाच्या सुती साड्या, घड्याळ उजव्या मनगटावर, आणि टेबलावर कायम ताकाचा स्टीलचा पेला झाकलेला. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे पेशंटशी अहिराणी आणि माझ्याशी, मी मराठीचा मास्तर म्हणून, जरा इस्त्री केलेली मराठी. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. नावं तर त्याहून नाही. वीस वर्षं येणारा माणूस समोर उभा राहिला तरी त्या कोऱ्या नजरेने बघत, आणि त्याने हात पुढे केला की एकदम म्हणत, "अरे, तू व्हय! आंगठाना नखवरनी रेघ अजून शेच का?" लग्नात, भाजीबाजारात, बँकेत, सगळीकडे त्यांची नजर लोकांच्या बोटांवर. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याच्या सत्काराहून परत आल्या. मी विचारलं, भाषण कसं झालं. म्हणाल्या, "भाषण ऐकलं नाही. माणूस नखं कुरतडतो. कसली तरी काळजी असणार बिचाऱ्याला."

दवाखान्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हात दखाड." काय होतंय, कधीपासून होतंय, हे सगळं नंतर. आधी हात हातात घ्यायचा. आणि इथे त्यांचा एक नियम होता. पेशंटचा हात सोडल्यावर तो समोर असेपर्यंत आपला हात पुसायचा नाही. पदराला नाही, नॅपकिनला नाही, कशालाच नाही. पेशंट बाहेर गेला, दार लागलं, की पडद्यामागे जाऊन साबणाने चांगले खसाखसा धुवायचे. त्यांच्या मदतीला सखूबाई होती. पट्टी बांधणं, नंबर लावणं, ओरडणं ही तिची कामं. सुरुवातीला एका म्हाताऱ्याच्या बुरशीने पिवळ्या पडलेल्या नखांना हात लावून तिने सवयीने हात पदराला पुसला. म्हाताऱ्याने आपला हात हळूच सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतला. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. तो गेल्यावर मात्र सखूबाईला जे ऐकावं लागलं ते जिन्यावर बसून मीही ऐकलं. "तो औषध विसरी जाई, पन तुन्हं पुसनं नही विसराव" एवढं मला आजही आठवतं. तेव्हापासून सखूबाईचा हात पदराकडे निघाला की बाई नुसतं "सखू, हात!" म्हणायच्या, आणि तो हात हवेत थांबायचा.

मी जिन्यावर बसून ऐकलं असं म्हणालो, त्याचा खुलासा करायला हवा. पेशंटचं बाकडं माझ्या जिन्याखालीच होतं. वर्तमानपत्र वाचायला जिन्याइतकी हवेशीर जागा घरात नव्हती. बाकी ज्याला जे समजायचं ते समजो.

पावसाळा सरला की नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागांवर, मिरची पसरते. सगळं रान लाल दिसतं आणि गावातल्या गावात लोक शिंकत फिरतात. त्या दिवसांत बाईंच्या बाकड्यावर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका असायच्या. नखांच्या कडा सुजलेल्या, पू धरलेल्या, नख मुळापासून उचललेलं. नखुरडं. बाई मलम द्यायच्या आणि सांगायच्या, मिरचीत हात घालू नको, घातलास तर रबरी हातमोजे घाल. बायका माना डोलवायच्या आणि पुढच्या आठवड्यात तीच बोटं घेऊन परत यायच्या. एकीने शेवटी विचारलं, "मिरचीमा हात घालू नको, मंग काय तोंडमा घालू?"

हे बाईंना लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पथारीवर जाऊन बायकांच्या ओळीत बसल्या आणि दुपारपर्यंत देठ खुडत राहिल्या. आल्या तेव्हा डोळे लाल, आणि आल्याबरोबर दोन्ही हात कोपरापर्यंत ताकाच्या पातेल्यात बुडवले. "सर," त्या म्हणाल्या, "रबरी हातमोजे घातले तर आत घामाचं तळं होतं आणि मिरची त्यातही शिरते. मी इतकी वर्षं काय सांगत होते त्यांना?"

त्यांना तिथे बसल्यावर एक गोष्ट कळली होती. मिरची एकटी नख खात नाही, मिरचीनंतर घरी जाऊन जे पाणी लागतं ते खातं. भांडी, धुणं, सारवण. दिवसभर जळलेली बोटं संध्याकाळभर ओली. मग त्यांनी नवऱ्यांना बोलवायला सुरुवात केली. एक गडी बायकोला घेऊन आला, औषधाची वाट बघत उभा राहिला.

"हाई मलम. आनि तिन्हं नख परत येवालगुन घरना भांडा तू घासशी."

"बाई, हाई कसं औषध?"

"हाई औषध मेडिकलमा नही भेटत, म्हनीसन तुले सांगनं पडी ऱ्हायनं."

बाकड्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो गडी कान लाल करून निघून गेला. त्याने भांडी घासली की नाही देव जाणे, पण त्याच्या बायकोची नखं मात्र आली. पुढे कितीतरी नवरे बायकोबरोबर यायचं टाळू लागले, हेही खरं.

शब्दांची मात्र त्यांना फार हौस. दुपारी चहाच्या वेळी त्या खालून हाक मारायच्या, "सर, टक्कल चकत्याचकत्यांनी पडतं त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?" मी कॉलेजच्या ऐटीत काहीतरी केशक्षय वगैरे सांगायचो. त्या म्हणायच्या, "हा शब्द ऐकून उरलेलेही गळतील. लोक चाई म्हणतात. दोन अक्षरं. झालं काम." त्यांचं म्हणणं असं की दुखण्याला घरातलं नाव असलं की माणूस अर्धा धीर धरतो. शेजारणीलाही झालं होतं, मावशीलाही झालं होतं, चाई होती, गेली. नखुरडं होतं, बरं झालं. नाव म्हणजे आपल्याआधी कोणीतरी ह्यातून गेलंय.

या चाईवरून एक आजी आठवते. नातवाच्या डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चकता पडला होता आणि आजीने तिथे बिब्बा लावून चांगला फोड आणला होता. पोरगा कण्हत होता. "किडा चाटी गया, बाई," आजी म्हणाली. "मन्हा बापले बी बिब्बानीच केस उनात." मला वाटलं आता आजीची धडगत नाही. बाईंनी फोडाला मलम लावलं, चाईचं औषध दिलं आणि आजीला सांगितलं, "केस तर येतीनच, आजी. पन बिब्बाना डाग ऱ्हाई जाई. आते बिब्बा राहू दे. हाऊ फोड बरा व्हयना की रोज त्यान्हा डोकावर नुसता हात फिराव." आजी गेल्यावर मी म्हटलं, हात फिरवून केस येतात होय? "चाई बरेचदा आपोआप जाते, सर. मी दिलंय ते औषध मदत करेल. पण आजीच्या हाताला काम नको का? नाहीतर तो हात पुन्हा बिब्ब्याकडे जाईल."

आता जयवंतीकडे येतो. बाईंची आठवण निघाली की मला तीच आधी दिसते.

जयवंती माझ्या वर्गातली. सातपुड्यातल्या मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरची, नंदुरबारला मुलींच्या वसतिगृहात राहायची. आमच्याकडे निम्मा वर्ग पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे मैदानावर पळतो आणि माझ्या तासाला झोपतो. जयवंती पळण्यात सगळ्यांच्या पुढे. डोंगर चढून शाळा केलेली मुलगी, सपाट मैदान तिला अंगणासारखं. तिचा निबंध माझ्याकडे आला तेव्हा कागदावर जागोजाग शाई फुटलेली, अक्षरं विरघळलेली. मी तिला थांबवून हळू आवाजात विचारलं, "रडत लिहिलंस का गं? घरी काही झालंय?"

"नाही सर." तिने हात पाठीमागे नेले. "हात आहेत."

"म्हणजे?"

"हातांना पाणी सुटतं. कायम. कागद भिजतो." मग जरा थांबून म्हणाली, "गोळापण सुटतो."

भरतीत मुलींना धावण्याबरोबर गोळाही फेकावा लागतो. लोखंडी गोळा तिच्या हातातून साबणासारखा निसटायचा. मैदानावर पोरं म्हणायची, हिला बघा, गोळा पाहिला की घाम फुटतो. शिकवणाऱ्यानेही एकदा सांगितलं होतं, घाबरटांचं हे काम नाही, शिवण शिक. आणि वाईट हे की तिचा त्यावर विश्वास बसत चालला होता. पोलीस व्हायचं सोडून ती परत पाड्यावर जायच्या बेतात होती. मी तिला बाईंकडे धाडलं, म्हणजे जिना उतरून स्वतःच घेऊन गेलो.

"हात दखाड," बाई म्हणाल्या, मग मुलीचा चेहरा बघून मराठीवर आल्या, "हात दे."

जयवंतीने दोन्ही तळवे कुर्त्याला खसखसून पुसले आणि मग पुढे केले. बाईंनी उजवा हात धरला. बघता बघता तळव्यावर घामाचे थेंब उभे राहिले, एकमेकांत मिसळले आणि मनगटावरून ओघळले. पंखा डोक्यावर फिरत होता.

"घाबरतेस?"

"सगळे म्हणतात घाबरते."

"मी तुला विचारतेय."

बाईंनी हात सोडला नाही. "मोलगीच्या बाजारातून घरी कशी जातेस?"

"जीप मिळाली तर जीपने. नाहीतर चालत."

"अंधार पडला तर?"

"तरी चालत."

"तेव्हा भीती वाटते?"

"नाही. वाट माहीत आहे ना."

"आणि हात?"

ती विचारात पडली. "ओलेच असतात," ती म्हणाली. "भाकरी करतानापण ओले असतात. टीव्ही बघतानापण."

"मग भाकरीला घाबरतेस होय?"

जयवंती पहिल्यांदा हसली. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या आणि जरा रागानेच म्हणाल्या, "सर, ह्याला तुमच्या भाषेत शब्द काय?"

मी आठवून पाहिलं. चाई होती, नखुरडं होतं, घामोळं होतं. कायम ओल्या राहणाऱ्या हातांना काही नव्हतं.

"नाही ना? आहे ते एवढंच, घाम फुटला. म्हणजे घाबरला. रोगाला नाव नाही म्हणून लोकांनी माणसालाच नाव ठेवलं." मग तिच्याकडे वळून, "हे बघ, तुझ्या हाताच्या ग्रंथी जास्त काम करतात. उगाच करतात. तुझ्या छातीचा आणि त्यांचा काही संबंध नाही. भीती वाटली की थोडं वाढेल, ते सगळ्यांचंच वाढतं. मी तुझे हात कोरडे करायचा प्रयत्न करीन. कायमचं जाईल असं सांगत नाही. थांबवलं की परत येतं. पण भरतीपुरतं आपण त्याला गप्प बसवू."

औषध लावायला दिलं, रात्री झोपताना, हात स्वच्छ करून. चार-सहा दिवसांत मुलगी तळवे लालबुंद करून आली. हात धुऊन लगेच ओल्यावरच औषध लावत होती. ते औषध ओल्या कातडीवर भाजतं. तिला वाटलं आपलंच चुकलं. बाई खुर्चीतून उठल्या. "चूक माझी. मी 'स्वच्छ' म्हणाले, 'कोरडे' म्हणाले नाही. आणि ज्या मुलीचे हात कधीच कोरडे नसतात, तिला कोरडं म्हणजे काय ते तरी कसं कळणार?" त्यांनी तिचे तळवे बरे होईपर्यंत सगळं बंद केलं. मग धुळ्याच्या एका डॉक्टर मैत्रिणीकडून एक मशीन मागवलं. दोन उथळ ट्रे, त्यात साधं पाणी, आणि बॅटरीचा अगदी हलका करंट. हात बुडवून बसायचं. सखूबाई त्याला हातांची आंघोळ म्हणायची आणि पहिल्या दिवशी दाराबाहेर उभी राहिली, पोरीला शॉक बसला तर पळून जाता यावं म्हणून.

आठवड्यातून ठरावीक दुपारी जयवंती यायची, ट्रेमध्ये हात घालून बसायची, आणि पान उलटता येत नाही म्हणून समोर मी पुस्तक धरून उभा. माझ्यासारख्या प्राध्यापकाचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणी केला नाही. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मग एका दुपारी ट्रेमधून हात काढून, टिपून, ती जायला निघाली आणि दारातच थांबली. बाकड्यावर माझं वर्तमानपत्र पडलं होतं. तिने त्यावर तळवा दाबला, उचलला, बघितला. शाई लागली नव्हती. पुन्हा दाबला. मग तळवा कागदावरून इकडून तिकडे फिरवत राहिली, नुसता आवाज ऐकत. कोरड्या हाताने कागदाचा असा आवाज होतो हे तिला माहीत नव्हतं. बाई आतून बघत होत्या. त्यांनी ताकाचा पेला उचलला, त्यात ताक नव्हतं, तरी तोंडाला लावला.

भरतीच्या दिवशी बाईंनी सकाळी दवाखाना बंद ठेवला. असं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. आम्ही तिघं, बाई, सखूबाई आणि मी, मैदानाच्या जाळीबाहेर उभे. ऊन असं की आमच्याच अंगाचं पाणी होत होतं. धावणं तिने लीलया केलं. गोळ्याची पाळी आली. लांबूनही कळत होतं, हात पुन्हा ओले झाले होते. पहिली फेक निसटली, गोळा पायाजवळच पडला. जाळीबाहेरून कुठल्याशा पोराने ओरडून विचारलं, "काय गं, घाम फुटला का?"

जयवंती वळली. तिचा आवाज तसा बारीक, पण तेव्हा सगळ्यांनी ऐकला. "हो. फुटलाय. हाताला फुटलाय."

मग ती खाली वाकली, मैदानातली माती तळव्यांना चोळली, झटकली, गोळा मानेशी घेतला आणि फेकला. मोजणाऱ्याने फीत धरली. बाईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ राहिले. यादी लागली तेव्हा त्यात तिचं नाव होतं. पाड्यावरून तिचे वडील हंगामात वेचून जपून ठेवलेली मोहाची फुलं घेऊन आले, आणि बाईंनी ती टेबलावर ताकाच्या पेल्याशेजारी मांडली.

पुढे बाईंचे डोळे थकले. भिंगातूनही नीट दिसेना. "नख दिसत नाही तर दवाखाना कशाला," म्हणाल्या आणि बडोद्याला मुलाकडे जायचं ठरवलं. सामान पुढे गेलं होतं. मी आणि सखूबाई त्यांना गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो. कसला तरी बंदोबस्त होता, फलाटावर पोलीस. त्यातली एक वर्दी गर्दी बाजूला सारत खिडकीशी आली आणि कडक सलाम ठोकला. बाईंनी नेहमीच्या कोऱ्या नजरेने पाहिलं. चेहरा अर्थातच ओळखला नाही.

"हात दे," त्या म्हणाल्या.

जयवंतीने हात पुढे केला. आधी पँटला पुसला नाही. तसाच, थेंब उभे असलेला, खिडकीच्या गजांतून आत दिला. मशीन सुटून बराच काळ झाला होता, जे जायचं नव्हतं ते परत आलं होतं.

"अगं, तू!" बाईंचा चेहरा उजळला. "आलं का परत?"

"आलं. असू दे, बाई. लाठी कापड गुंडाळून धरते."

बाईंनी तो हात बराच वेळ दोन्ही हातांत धरून ठेवला. गाडीने शिट्टी दिली तेव्हा सोडला. जयवंतीने मग सखूबाईचा हात हातात घेऊन दाबला आणि कोणीतरी हाक मारली तशी ड्यूटीवर पळाली. ती पाच पावलांवर असेल नसेल, सखूबाईचा हात सवयीने पदराकडे निघाला.

"सखू, हात!" खिडकीतून आवाज आला. डोळे म्हणे थकले होते.

सखूबाईने हात झटकन वर केला, पंजा उघडा, ओला, सगळ्यांना दिसेल असा. "पुसा नही, बाई! देखा!"

गाडी हलली. बाई हसत होत्या. त्यांनीही आपला ओला पंजा गजांतून बाहेर काढून वर धरला, पुसला नाही हे दाखवायला. गाडी लांब जाईपर्यंत दोघींनी हात तसेच धरले होते. फलाटावरच्या लोकांना वाटलं, दोघी निरोप घेत आहेत.